कुठल्या सालचं ऊन?

पंखा फिरतोय ना डोक्यावर? मग सांगा बघू, तो कुठल्या सालच्या उन्हावर फिरतोय?

थोरल्या नातवाने माझ्याकडे अशी नजर टाकली की आबांचं आता वय झालं. धाकटी म्हणाली, "आबा, पंखा लाईटवर फिरतो. उन्हावर कसा फिरेल?" बरोबर आहे बाई तुझं. पण लाईट कशावर येते? तो माग काढत मागे मागे गेलं, की जवळजवळ दर वेळी शेवटी ऊनच सापडतं. ते ऊन कधी पडलं होतं, एवढाच फरक. काही ऊन आठ मिनिटांपूर्वीचं, काही या आठवड्यातलं, काही गेल्या वैशाखातलं. आणि काही इतकं जुनं की ते पडलं तेव्हा डायनोसॉरसुद्धा जन्माला यायचे होते. सध्या कोळसा सोडून सोलर आणि पवनचक्क्यांकडे जायच्या ज्या बातम्या रोज येतात ना, त्यांच्यामागची गोष्ट ही अशी आहे: फार जुनं ऊन जाळणं थांबवून ताजं ऊन वापरायला माणूस शिकतोय. सांगायला सोपं आहे, करताना दमछाक होतेय. का, ते ऐका.

आधी सूर्य, कारण माल तिथूनच निघतो. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं. त्यातलं ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान नाहीसं होतं आणि त्याची ऊर्जा होते. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश १५ कोटी किलोमीटर तोडून आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्या अंगणात उतरतो. थोरला सातवीत आहे, हे त्याला पाठ होतं. गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत यायला किती वेळ लागतो, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आतला पदार्थ इतका दाट असतो की ऊर्जा धडकत, वळत, परत मागे फिरत कशीबशी बाहेर येते. त्यात हजारो वर्षं जातात, काहींच्या हिशेबाने तर लाखाच्या घरात. म्हणजे आज सकाळी दारात पडलेलं कोवळं ऊन सूर्याच्या पोटात जन्मलं, तेव्हा माणूस बहुधा शेतीसुद्धा करत नव्हता! पण आपण उन्हाचं वय ते सूर्याच्या पृष्ठभागावरून निघाल्यापासून मोजू. नाहीतर हिशेब मिटायचा नाही.

आता सगळ्यात जुनं ऊन. त्यासाठी चंद्रपूरला जावं लागेल.

मे महिन्यात चंद्रपूर म्हटलं की पारा ४५ च्या वर. पण त्याच जिल्ह्यात इरई गावाजवळच्या खडकांवर भूवैज्ञानिकांना हिमनदीचे ओरखडे सापडले. बर्फाची प्रचंड लादी सरकत गेली, तिच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालचा खडक घासला. चंद्रपुरात हिमनदी! धाकटीला वाटलं मी थापा मारतोय. तर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी या जागी नव्हतीच. ती पार खाली, दक्षिण ध्रुवाच्या अंगाला होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण, सगळे एकमेकांना चिकटून एकच खंड होतो. पुढे हवा ऊबदार होत गेली, बर्फ वितळलं आणि सखल भागांत दलदली झाल्या. त्या दलदलींत एक झाड माजलं, त्याचं नाव ग्लॉसोप्टेरिस. लांबट, जिभेच्या आकाराची पानं, मधोमध ठळक शीर, बाजूला शिरांची बारीक जाळी. थंडी आली की ते झाड सगळी पानं टाकून द्यायचं.

पानं पडत ती साचलेल्या पाण्यात. अशा पाण्यात प्राणवायू नसल्यासारखाच, त्यामुळे ती धड कुजतही नसत. एका वर्षाच्या पानांवर पुढच्या वर्षाची, मग खोडं, मग मुळं, असं हजारो वर्षं चाललं. जमीन हळूहळू खचत होती, वर नद्या वाळू-चिखल आणून टाकत होत्या. वरून दाब, खालून पृथ्वीची उष्णता. त्यातून आधी पाणी निघून गेलं, मग वायू, आणि मागे काळा, दाट कार्बन उरला. वर्धा खोऱ्यातला, घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा तो हाच. खाणीतल्या कोळशालगत पाटीसारखा राखाडी दगड निघतो. तो फोडला की कधी कधी आत अख्खं पान सापडतं, शिरांसकट.

या पानाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१२ च्या जानेवारीत कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावर पोचले, तर तिथे नॉर्वेच्या अमुंडसेनचा झेंडा आधीच लागलेला. परतताना वाटेत अन्न संपत आलं, पाय गोठले, आणि पाचही जण गेले. शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर जवळपास १६ किलो दगड होते. मरणाच्या दारात असूनही ते ओझं त्यांनी टाकलं नव्हतं. त्या दगडांत काय होतं? ग्लॉसोप्टेरिसची पानं. चंद्रपूरच्या कोळशात आणि अंटार्क्टिकाच्या डोंगरात एकाच झाडाचे अवशेष! या भूमी कधीकाळी जोडलेल्या होत्या, याचा तो एक भक्कम पुरावा ठरला.

तर त्या पानाने काय केलं होतं? हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, मुळांनी पाणी ओढलं, आणि उन्हाच्या जोरावर त्यांतला कार्बन वेगळा काढून स्वतःचं अंग बनवलं. उन्हाची ऊर्जा त्या जोडणीत अडकून राहिली. कोळसा जाळला की कार्बन पुन्हा प्राणवायूला भेटतो आणि अडकलेली ऊर्जा मोकळी होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथल्या भट्टीत जी धग असते ती २७-२८ कोटी वर्षांपूर्वी एखाद्या दुपारी पानांवर पडलेल्या उन्हाची. त्या धगीने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं, टर्बाइनने जनित्र.

आता हिशेब मांडा. एक युनिट वीज काढायला आपल्याकडे साधारण पाऊण किलोच्या आत कोळसा लागतो. आपला पंखा रात्रभर चालला तर चारेकशे ग्रॅम. "म्हणजे आबा, मी झोपले की कुणीतरी कोळसा जाळतं?" जाळतं तर! आणि त्यातून निघणारा वायू कोळशाहून जास्त भरतो. कसा? १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम प्राणवायू ओढून घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम होतो. आपल्या कोळशात राख भरपूर, सगळा काही कार्बन नसतो. तरी एका युनिटमागे किलोच्या जरा खाली वायू धुराड्यातून जातोच.

आणि या वाटेवर किती ऊन वाया जातं बघा. पानावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम शेकडा एक झाडाच्या अंगात राहतं. त्या झाडांतली बहुतेक कुजून जातात, थोडी कोळसा होतात. भट्टीत जी उष्णता मिळते तिचे दोन तृतीयांश वाफेबरोबर आणि धुराबरोबर निघून जातात, एक तृतीयांशाची वीज होते. कोट्यवधी वर्षं थांबायचं आणि हातात येणार एवढंसं!

खनिज तेलाची कुळी जरा वेगळी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'सागर सम्राट' नावाच्या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत तेल शोधलं, तेच बॉम्बे हाय. ते तेल नुसतं झाडांचं नाही. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव उन्हावर वाढले, मेले, तळाशी चिखलात पुरले गेले, बरंचसं त्यांचं ते. चंद्रपूरच्या मानाने ताजंच म्हणायचं!

इथे थोरल्याने मला पकडलं. "तारापूर, आबा?" शाबास. तारापूरचं अणुकेंद्र १९६९ पासून चालतंय, आणि तिथली वीज उन्हाची नाही. युरेनियमचे अणू आपला सूर्य जन्मायच्या आधी, दुसऱ्याच कुठल्या ताऱ्यांच्या विनाशात घडले. म्हणून मी मघाशी "जवळजवळ दर वेळी" म्हणालो होतो. म्हाताऱ्या माणसाचे शब्द नीट ऐकायचे असतात.

बरं, जुनं ऊन जाळलं तर बिघडलं काय? कार्बन हवेतूनच आला होता, हवेत परत गेला. पण ज्याला आत जायला कोट्यवधी वर्षं लागली, तो आपण दीड-दोनशे वर्षांत बाहेर काढला. हा वायू उष्णता अडवतो, हे १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या आणि तापमापक घेऊन, त्या उन्हात ठेवून दाखवलं होतं. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर.

"पण तो वायू कोळशाचाच कशावरून? ज्वालामुखीचा असेल, जंगलांच्या वणव्याचा असेल." हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात, आणि याचं उत्तर मला फार आवडतं. कार्बनला स्वतःचं वय असतं! अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वरच्या हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडाथोडा बनत असतो. जिवंत झाडाच्या अंगात तो असतोच. झाड मेलं की नवा येणं थांबतं आणि असलेला झिजत जातो, दर ५७३० वर्षांनी निम्मा. कोट्यवधी वर्षांनी कोळशात त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून जुना कार्बन हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कमी होतं. १९५० च्या दशकात हान्स स्यूस यांनी झाडांची वर्तुळं तपासली तेव्हा नेमकं हेच दिसलं: अलीकडच्या वर्तुळांत कार्बन-१४ कमी. ताज्या लाकडाच्या वणव्याने असं होत नाही. मग उरला ज्वालामुखी, त्याच्याही वायूत कार्बन-१४ नसतो. पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा वायू सोडतात, तो माणसाच्या धुरापुढे शंभरातला एकसुद्धा भरत नाही. कुठल्या सालचं ऊन जळलं हे हवेलाच विचारता येतं ते असं.

आता जरा घराजवळ या. कोयना.

आपल्या खोऱ्यातलं ऊन जेमतेम वर्षभर जुनं. चैत्र-वैशाखात अरबी समुद्र तापतो, पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सूर्य अर्ध्या युनिटहून जास्त ऊर्जा खर्च करतो. ती वाफ वाऱ्याबरोबर सह्याद्रीला येऊन थडकते, वर चढते, थंड होते, आणि महाबळेश्वर-नवजाला धो धो कोसळते. नदीचा स्वभाव पूर्वेकडे: कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. पण धरणाच्या बांधणाऱ्यांनी सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे खाली सोडलं. पडण्याची उंची अर्धा किलोमीटरच्या जवळपास. हजार लिटरची टाकीभर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. मग ते पाणी वाशिष्ठी नदीतून जिथून आलं त्या अरबी समुद्रात परत. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली, आज सगळ्या प्रकल्पाची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. गंमत म्हणजे पाणी उचलायचं खरं कष्टाचं काम सूर्याने केलं, आपण नुसतं पडतं पाणी मधे अडवलं.

कोळसा सोडून पाण्याकडे जाणं हेही काही नवं नाही. मुंबईच्या गिरण्या एकेकाळी दगडी कोळशाच्या वाफेवर चालत, गिरणगावावर धूर असायचा. घाटावरच्या पावसाचं पाणी खाली खोपोलीला पाडून वीज करायची कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्ये गेले, त्यांनी ती पाहिली नाही. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि गिरण्या विजेवर फिरू लागल्या. शंभर वर्षं उलटून गेली त्याला.

आजी आतून म्हणाल्या, "त्यांना मुळशीचंही सांगा." सांगतो. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी विजेसाठीच्या धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण झालंच. आपल्या कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसनही दोन पिढ्या लोंबकळत राहिलं. धूर निघत नाही म्हणून कुणाला झळ बसत नाही, असं समजू नका. सोलरलाही एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, आणि ती कुणाची ना कुणाची असते.

वर चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात, त्यांचं ऊन आणखी ताजं, फार तर काही दिवसांचं. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरून हवा धावत येते. आपला मोसमी वारा तो हाच. वाऱ्याचं एक गणित मात्र विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते! कारण दर सेकंदाला पात्यांतून दुप्पट हवा जाते, आणि त्यातल्या प्रत्येक किलोत चौपट जोर असतो. बे चोक आठ. म्हणूनच पवनचक्कीवाले एवढा घाट चढून पठारावर आले. वाऱ्यातला सगळा जोर काही काढून घेता येत नाही. सगळा काढला तर पात्यांमागे हवा थांबून जाईल आणि मागून येणाऱ्या हवेला वाट मिळणार नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये हिशेब दाखवला की शेकडा ५९ च्या वर कुणीही जाऊ शकत नाही. पवनचक्क्या ढग पळवतात अशी समजूत दुष्काळाच्या वर्षांत आपल्या भागात पसरली होती. पात्यांची टोकं जमिनीपासून फार तर शंभर-दीडशे मीटरवर, आणि पावसाचे ढग किलोमीटर किलोमीटर जाडीचे, शेकडो किलोमीटर पसरलेले. ढगाला पवनचक्कीचा पत्ताही नसतो.

आणि सगळ्यात ताजं ऊन छपरावरच्या सोलरचं. आठ मिनिटं वीस सेकंद. तिथे पान नाही, वाफ नाही, फिरणारं काही नाही. वाळूतून काढलेलं शुद्ध सिलिकॉन, त्याचे दोन थर: एकात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात किंचित बोरॉन. दोन्हींच्या सांध्यावर आपोआप एक विद्युत ओढ तयार होते. प्रकाशाचा कण आत शिरला की एखाद्या इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो, आणि ती ओढ त्याला एकाच दिशेला ढकलते. तार जोडली की झाली वीज. प्रकाशातून वीज निघते हे फ्रान्सच्या बेकरेलला १८३९ मध्ये दिसलं, तेव्हा तो होता १९ वर्षांचा. सिलिकॉनचा कामाचा सौरघट मात्र अमेरिकेतल्या बेल लॅब्सने १९५४ मध्ये दाखवला. तो पडलेल्या उन्हातले शेकडा सहाच भाग विजेत बदलत होता. आज छपरावर बसतात ती पॅनेल शेकडा वीसच्या वर जातात. पानाचं शेकडा एक आठवतंय ना?

याचा खरा आनंद शेतकऱ्याला विचारा. कृषिपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री लाईट, ही आमची पाळी वर्षानुवर्षं. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून थंडीत उसाला पाणी द्यायला जायचं, हातात बॅटरी, पायाखाली साप आणि उसात बिबट्या. सौर कृषी वाहिनी योजनेत २०१७ पासून पंपांचे फीडर सोलरवर न्यायला सुरुवात झाली. त्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कौतुक एवढंच: ऊन दिवसा असतं, म्हणून पाणीही दिवसा. आपल्याच पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने २०२४ मध्ये अख्खं गाव सोलरवर नेलं, राज्यातलं पहिलं. जाऊन बघून या एकदा.

"मग कोळसा बंद का नाही करत?"

हा मुद्द्याचा प्रश्न. २०२५ मध्ये देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेत कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्यांचा वाटा निम्म्यावर गेला. त्यात सूर्य, वारा, पाणी आणि अणू सगळे आले. ऐकायला फार छान. पण त्याच वर्षी प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत शेकडा ७० च्या आसपास वाटा कोळशाचाच. क्षमता म्हणजे किती करू शकेल, निर्मिती म्हणजे किती केलं. रात्री सोलर शून्य, आषाढात मंद. आषाढात पवनचक्की जोरात असते हे आपलं नशीब. पण कार्तिकातल्या संध्याकाळी ना ऊन ना वारा. आणि नेमके संध्याकाळी सातला घरोघर दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सगळं एकदम सुरू होतं.

वीज तशीच साठून राहत नाही. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी तयार व्हावी लागते. देशभरातली मोठी जनित्रं सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालात चालतात; एका मोटेला जुंपलेल्या बैलांनी एकाच चालीने चालावं तशी. एकाने पाय ओढला तर सगळ्यांना हिसका. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही उच्च दाबाची वाहिनी जोडली गेली, आणि दक्षिण भारत बाकी देशाशी एका तालात आला. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रीड, म्हणजे विजेचं एकच जाळं. तमिळनाडूतला वारा आणि राजस्थानातलं ऊन आपल्या पाटणला पोचू शकतं. पण ग्रीड कितीही मोठी केली तरी अरुणाचलात सूर्य मावळल्यावर दोनेक तासांत कच्छमध्येही मावळतो. मग सगळा देश अंधारात.

म्हणून आता खरी शर्यत आहे ती दुपारचं ऊन रात्रीपर्यंत टिकवायची. एक वाट बॅटरीची. लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे माझं अजून बरंच काम बाकी आहे, आजींना सांगा!

दुसरी वाट आपल्या सह्याद्रीतच आहे, घाटघरला. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर एक तलाव, खाली शहापूरच्या अंगाला दुसरा, मधे चारशे मीटरच्या आसपास उतार. विजेची टंचाई असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडायचं, २५० मेगावॉट वीज मिळते. वीज उरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचं. जेवढी वीज चढवायला लागते तिचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त वाया जातो, पण बाकीची हवी तेव्हा परत मिळते. मला यातली वेळेची उलटापालट मजेची वाटते. असे प्रकल्प आखले गेले तेव्हा उरलेली वीज रात्री असायची, कारण कोळशाच्या भट्ट्या झटकन विझवता येत नाहीत. म्हणून पाणी रात्री चढवायचं आणि दिवसा सोडायचं, असा बेत. आता सोलर वाढलं तसं दुपारी वीज उरू लागली. मग पाणी दुपारी चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प यायचेत. त्यांतही कुणाच्या जमिनी, कुणाचं जंगल जाणार, तेव्हा मुळशी विसरू नका.

कोळशाला शिव्या द्यायला मी तयार नाही. आमच्या पिढीने अभ्यास त्याच्या दिव्याखाली केला, आणि वर्धा खोऱ्यातल्या खाणकामगारांनी फुप्फुसात धूळ घेऊन तो वर काढला. खाणी बंद होतील तेव्हा त्या घरांचं काय, हे ठरवल्याशिवाय केलेला हा बदल अर्धवटच राहील. आपल्या देशाने २०७० चं वर्ष ठरवलंय: तोपर्यंत जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषला जाईल अशी व्यवस्था लावायची. तेव्हा थोरल्या, तूही साठीच्या उंबरठ्यावर असशील. माझ्या मते तारीख जरा लांबचीच आहे. पण दिशा बरोबर आहे, आणि सोलरची किंमत गेल्या पंधरा वर्षांत ज्या वेगाने उतरली तो वेग कुणाच्याच अंदाजात नव्हता.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. धुण्याचं यंत्र, टाकीत पाणी चढवायची मोटार, इस्त्री, गाडीचं चार्जिंग ही कामं दुपारी अकरा ते तीनमध्ये उरकायची. त्या वेळी तारेतून येणाऱ्या विजेत आठ मिनिटांच्या उन्हाचा वाटा सर्वांत जास्त असतो. तेच काम रात्री नऊला केलंत, तर त्यासाठी बहुतेक चंद्रपूरच्या बाजूला कुठेतरी ग्लॉसोप्टेरिसचीच पानं जळतील.